हिच्या हाताची सुरी

३ मार्च, मंगळवार

जावयाने सुरी आणली! गुलाबी प्लास्टिकच्या मुठीची. पातं असं, की बोटाने दाबलं तर वाकतं. खोक्यावर लिहिलंय — 'अशक्त हातांसाठी खास'. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवण्यात काढली. केसाइतका फरक नुसत्या बोटाने सांगायचो. आणि माझ्या घरात ही गुलाबी सुरी!

बायकोचा हात गेला त्याला पाच महिने झाले. अर्धांगाचा झटका आला, मग पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात तेवढा अर्धाच परत आला. बोटं मिटतात पण धरत नाहीत. मागच्या महिन्यात कांदा चिरायला गेली तर सुरी निसटून पावलावर. तीन टाके. तेव्हापासून ओट्याकडे फिरकलेली नाही. खानावळीचा डबा येतो.

आज लेक म्हणाली, "बाबा, आईला मी घेऊन जाते. तुमच्याने नाही होणार." किती दिवस, म्हटलं. "आता कायमचंच." हिच्यासमोर! जसं काही कपाट हलवायचंय. आणि ही गप्प!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, महिनाभर थांब. महिन्याने तुझी आई स्वतःच्या हाताने चिरून, शिजवून वाढेल तुला. सुरी मी करतो. जावई मिशीत हसला. हसू दे.

तारीख ठरली. एकोणतीस, रविवार.

४ मार्च, बुधवार

माळ्यावरून जुनी हातकरवत काढली, तिच्या पात्यातून सुरी करायला. असलं पोलाद आता मिळत नाही. लोखंडी बादलीत कोळसे पेटवले, वारा द्यायला लेकीचा जुना हेअर ड्रायर! पातं लाल केलं आणि राखेत पुरलं. उद्यापर्यंत मऊ पडेल. ही दारातून बघून गेली. म्हणाली, "तो ड्रायर केसांसाठी असतो हो." हसली वाटतं. पाठमोरी होती, दिसलं नाही.

७ मार्च, शनिवार

मूठ कशी हवी हे हातालाच विचारायचं असतं. म्हणून ओल्या मातीचा गोळा केला आणि हिला म्हटलं, दाब. सुरी धरतेस तसा.

"आता हे काय?"

"माप."

"मागितलंय कोणी?"

माप मागावं लागतं का! शेवटी धरला. मी म्हटलं, जोरात. "एवढाच आहे जोर," म्हणाली. गोळा घेऊन मागच्या गॅलरीत आलो. मातीवर तीन बोटांच्या खुणा, त्यासुद्धा नखाएवढ्या खोल. अंगठ्याची खूण शोधावी लागली. हाच अंगठा कणीक मळायचा, बरणीची झाकणं माझ्याआधी उघडायचा.

वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला. कानस घेतली आणि पातं घासत सुटलो.

९ मार्च, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'कानशीच्या आवाजाने वाचनात व्यत्यय येतो. सकाळी नऊ ते अकरा कृपया शांतता.' खाली सही, तारीख! मी चिठ्ठीमागे लिहिलं, 'अकरा ते नऊ चालेल का?' आणि परत नेऊन दिली. मग दहालाच घासायला बसलो. कानस एकाच दिशेने चालवायची, उलटी ओढायची नाही. दोन्ही बाजूंचा उतार सारखा आला पाहिजे. दोन तासांत एक बाजू झाली. खांदा भरून आलाय.

डब्यात बटाटे. एक फोड बोराएवढी, दुसरी अर्धा बटाटा! मोठी कच्ची, लहानीचा लगदा. मी म्हटलं, "कोणी चिरलं हे, कुऱ्हाडीने?" ही म्हणाली, "चिरणारा दमला असेल." मी डबा तसाच झाकून ठेवला. हिने सगळा संपवला.

१२ मार्च, गुरुवार

गाढव! मी, मी गाढव!

आज पात्याला पाणी पाजून कडक करायचं होतं. पाणी म्हणायचं आपलं, बुडवतात तेलात. सगळं तयार होतं. तेल कोमट करून डब्यात, निखारे लाल, दोरीला बांधलेला लोहचुंबक. पातं पुरेसं तापलं की चुंबक चिकटेनासा होतो, तीच वेळ. नेमका तेव्हा लेकीचा फोन. स्पीकरवर टाकला. "बाबा, आईची खोली रंगवून घेतली. पिवळा दिलाय." रंगवून घेतली! अजून सतरा दिवस आहेत आणि लेक रंग देऊन मोकळी! म्हटलं, रंग फुकट जाणार आहे. फोन बंद केला, पातं उचललं, तेलात घातलं. सर्रकन आवाज, धूर, सुरेख! कानस फिरवून बघितली तर घसरली. काचेसारखं कडक.

मग मुठीचं लाकूड लावून बघितलं आणि कळलं. भोकं पाडली नव्हती! मूठ ज्या पितळी पिनांनी बसवायची, त्यांची तीन भोकं. पाणी पाजायच्या आधी पाडायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नंतर कोणाच्या बापाला पडत नाहीत. तरी ड्रिल लावलंच. दोन बिटं बोथट झाली, पात्यावर नुसता चकाकता ठिपका.

टूलरूममध्ये दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला आठवडाभर सळो की पळो केलं असतं. इथे ओरडायला मीच आणि ऐकायलाही मीच. चिमटा भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला. ही आतून म्हणाली, "लागलं का?" म्हटलं, "नाही!" एवढ्या जोरात, की वर हेडमास्तरांची खुर्ची सरकली.

१३ मार्च, शुक्रवार

पातं परत राखेत. मऊ पडलं की आधी भोकं!

१६ मार्च, सोमवार

भोकं पाडली. पाणी पाजलं. फोन शेजारच्या खोलीत, उशीखाली.

नुसतं कडक पातं ठिसूळ असतं, पडलं तर फुटतं. त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो, मंद आचेवर दोन दोन तास, वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत. त्याला हिचा ओव्हन उत्तम. ठेवलं. थोड्या वेळात घरभर जळक्या तेलाचा वास. ही काठी टेकत आली.

"माझ्या ओव्हनमध्ये लोखंड भाजताय?"

"पोलाद."

"मला विचारायचं तरी!"

आणि मी बोलून गेलो, "तू कुठे वापरतेस आता!"

बोललो. शब्द सुटला तो सुटला. ती ओव्हनच्या काचेतून आत बघत राहिली, मग गेली. पातं छान उतरलं. गवती रंग, सगळीकडे सारखा. मला त्याच्याकडे बघवेना. मला स्वतःचा राग येतो तेव्हा तो कुठे ठेवायचा कळत नाही, म्हणून मी तो दुसऱ्यावर काढतो. हे मला माहीत आहे. माहीत असून उपयोग काय?

माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

१८ मार्च, बुधवार

जावई आला होता, काही कागदांवर हिची सही घ्यायला. पत्ता बदलण्याचे! सही डाव्या हाताने केली हिने, अर्धवट. जाताना गॅलरीत डोकावून म्हणाला, "बाबा, एवढी मेहनत कशाला? ऑनलाइन मिळतात, उद्या दारात." मी ग्राइंडरवर धार काढत होतो. पातं आणखी जोरात दाबलं. दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवायचं असतं. कसलं पाणी आणि कसलं काय! टोकाला निळा डाग चढला. निळं झालं की पोलाद मेलं, तिथे धार टिकत नाही.

उंटावरचा शहाणा! तो गेला आणि मी बोटभर टोक कापून टाकलं. सुरी आखूड झाली. होऊ दे.

२२ मार्च, रविवार

मूठ झाली. मोडक्या खुर्चीच्या पायाची, मातीच्या मापावर तासलेली. चिकटवली, पितळी पिना ठोकल्या, पॉलिशपेपरने घासली, तेल दिलं. हातात धरली तर लोण्यासारखी. हिच्या हातात दिली.

निसटली.

परत दिली. परत निसटली. मी म्हटलं, "नीट धर ना!" ती म्हणाली, "धरलीच आहे." आणि आम्ही दोघं जमिनीवरच्या सुरीकडे बघत राहिलो. शेवटी मीच उचलली.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी शेजारच्या बांधकामावर सुतार करवत चालवत होता. त्याची मूठ बघितली. पात्याच्या रेषेत नाही, उभी! मनगट सरळ राहतं, जोर बोटांवर नाही, खांद्यातून येतो. एवढे दिवस मी माझ्याच सवयीत! सुरीची मूठ आडवीच असते, हे मला सांगितलं कोणी?

मूठ फोडून काढली. हातोडीने. फार बरं वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

धरली! धरली!

उभी मूठ, चांगली जाड, वर बोटांना अडवायला कड. हिच्यापुढे फळी, फळीवर गाजर. म्हणाली, "आता?" म्हटलं, आता. तिने मूठ धरली, खांदा टाकला आणि गाजराचे दोन तुकडे. परत एक. परत एक. सहा चकत्या, एकसारख्या! मी एवढा ओरडलो की हेडमास्तर खाली आले, काय झालं बघायला. त्यांना गाजर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि "वा" म्हणाले. माणूस तितका वाईट नाही.

ही मात्र सुरी खाली ठेवून हात पुसत म्हणाली, "झालं समाधान?"

समाधान! तेवीस दिवस मी हातांची सालटी काढली. अंगठ्याला दोन फोड, भुवई जळली. आणि 'झालं समाधान'! चार गोड शब्द बोलली असती तर जीभ झिजली असती का? पण आज भांडणार नाही. रविवारी बोलेन. लेकीच्या तोंडावर बोलेन.

२९ मार्च, रविवार

गेली.

लिहायचं नव्हतं. पण डोकं फुटेल.

दोघं अकराला आली. मी फळी, सुरी, गाजरं टेबलावर मांडून ठेवली होती. जावयाला खुर्ची दिली, समोरची. म्हटलं, बसा, बघा. मग हिला म्हटलं, "दाखव गं." ही बसून राहिली. हात मांडीवर. मी म्हटलं, "अगं, परवा कापलंस ना, तसं." ती माझ्याकडे बघत होती, सरळ. हात हलला नाही. लेक म्हणाली, "बाबा, पुरे. कशाला छळताय तिला?" छळतोय! मी छळतोय! मी सुरी उचलून तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिने हात मागे घेतला. स्वतः! मी बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तर माझासुद्धा नव्हता.

परवा येत होतं ते आज येत नव्हतं, असं नाही. तिने केलं नाही. मुद्दाम! जावयासमोर माझी शोभा करायची होती म्हणून! बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर!

एक बॅग आणि काठी. दारात म्हणाली, "डब्याची वेळ साडेबारा आहे. सही करावी लागते." मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. गाडी वळेपर्यंत तिथेच होतो.

३० मार्च, सोमवार

डबा आला. सही केली. तसाच कचऱ्यात घातला.

३१ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन आला, उचलला नाही. मग स्वतःच चिडलो की परत का नाही केला. गॅलरी झाडली. लोखंडाचा कीस एवढा निघाला की सुपली भरली. सगळी हत्यारं पुसून, तेल लावून, पेटीत बंद केली. ती सुरी काय करायची कळेना. फेकवेना आणि बघवेना. ओट्यावर ठेवली आणि वर फडका टाकला.

काय चुकलं माझं? कोणी सांगावं मला. कोणासाठी केलं हे सगळं?

२ एप्रिल, गुरुवार

मीच फोन केला. हिने उचलला. विचारलं, "सुरी हातात बसली होती ना? मग लेकीसमोर का नाही धरलीस?"

म्हणाली, "छान बसली होती. म्हणूनच नाही धरली. धरली असती तर दुसऱ्या दिवसापासून ओटा पुन्हा माझ्या गळ्यात. सहा महिने माझा हात पडलाय. तुमचे दोन्ही धड आहेत. तुम्ही कोळसे पेटवलेत, पोलाद वितळवायचं तेवढं बाकी ठेवलंत. एक बटाटा चिरलात?"

नाही चिरला. तेच म्हटलं. मग विचारलं, "परत येशील?"

"आले तर जेवायला काय आहे?"

चार बटाटे आणले, फडक्याखालची सुरी काढली. सोलताना दोन बोटं कापली. मूठ हिच्या मापाची, माझ्या हातात बसत नाही. उद्या माझ्या हाताची एक करायला घेतो.