श्रेणी बदलणार नाही

प्रिय धाकट्या,

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर टाकते आहे. कार्यालयात पाठवलं असतं तर तुझ्याआधी तिघांनी वाचलं असतं आणि चौथ्याने त्यावर आवक क्रमांक टाकला असता. फोन करता आला असता, पण तू 'ताई, ऐक ना' म्हणून एकदा सुरू झालास की माझी पाळी येतच नाही. कागदाला कुणी मध्येच तोडत नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो बाबांकडून वारशाने आलाय, त्याची तक्रार कुणाकडे करणार!

त्या शाळेविषयी लिहायचंय. तू फाइल पाहिलीस, मी शाळा पाहिली, एवढाच आपल्यातला फरक आहे. वस्ती दगडखाणीला लागून. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भंगाराचे ढीग, त्यांच्यामधून एक पायवाट, आणि ती संपते तिथे सात खोल्यांची सरकारी माध्यमिक शाळा. तपासणीला आम्ही तिघं होतो: मी पथकप्रमुख, इमारत बघायला एक इंजिनियर आणि आकडे भरायला एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. साडेसातला पोचलो तर फाटकाला कुलूप. चिटपाखरू नाही. इंजिनियर हसून म्हणाला, "मॅडम, आपलं काम सोपं झालं." प्रपत्रात पहिलाच प्रश्न आहे, शाळा वेळेवर भरते का. मी तिथेच उभ्याने 'नाही' लिहिलं, आणि खरं सांगते, लिहिताना मला बरं वाटलं. तीस वर्षांच्या नोकरीत माणूस असा होतो बघ. चूक सापडली की पोट भरतं.

नऊ वाजता मुलं आली. मुलींचे खांदे ओले. मागोमाग मुख्याध्यापिका, हातात किल्ल्या, चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नाही. ती म्हणाली, "आज मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी टँकर येतो. पाण्याच्या रांगेत मुली असतात. त्या दोन दिवशी आम्ही नऊला भरतो आणि दीड तास उशिरा सोडतो." परवानगी घेतली का, असं मी विचारलं. तिने कपाटातून चार पत्रांच्या स्थळप्रती काढून टेबलावर ठेवल्या. चारही तुमच्याच कार्यालयाला लिहिलेली, एकाचंही उत्तर नाही. "पाचव्यांदा विचारलं नाही," ती म्हणाली, "घंटा बदलली." मी काही लगेच विरघळले नाही, तू मला ओळखतोस. पाच वर्षांचे हजेरीपट मागवले आणि त्या आकडेवाल्या मुलीबरोबर दुपारभर ओळन् ओळ तपासली. वेळ बदलण्याआधी नववीतून दर वर्षी दहा-अकरा मुली गळायच्या. बदलल्यानंतरच्या दोन वर्षांत मिळून तीन. त्यातली एक दुसऱ्या गावी गेली म्हणून. आता सांग, पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय लिहायचं? 'नाही'च लिहावं लागतं. प्रपत्रात तेवढीच जागा आहे. मी 'नाही' ठेवलं आणि तरीही वेळेचे गुण का दिले ते सांगणारी चार पानं पुढे जोडली.

तुला वाटेल, ताईला पाझर फुटला आणि तिने शाळेचे पोवाडे गायले. तसं नाही. दुसऱ्या दिवशी मी आठवीला भागाकार घातला. त्रेचाळीस मुलांपैकी नऊ जणांना आला. गणिताची जागा दोन वर्षं रिकामी आहे. खेळाचे सर गणित शिकवतात, म्हणजे आदल्या दिवशी स्वतः शिकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन फळ्यावर उतरवतात. माणूस प्रामाणिक आहे, पण प्रामाणिकपणाने भागाकार येत नाही. एक भाषेचे सर वर्गात पेपर वाचत बसतात. तेही मी तारीख-वेळेसह लिहिलंय. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवून वर्ष झालं, कुणी कुलूप तोडलं नाही. मी इंजिनियरला तोडायला लावलं. स्वच्छतागृहांची तीन दारं आतून लागत नाहीत. एवढं सगळं त्या अहवालात आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "यातलं काही खोटं नाही." झालं. ना रडल्या, ना चहाचा आग्रह केला.

तिसऱ्या दिवशी निघताना दहावीतल्या एका मुलीने मला व्हरांड्यात अडवलं. वेणी घट्ट, नजर त्याहून घट्ट. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला तपासता. मग तुम्हाला कोण तपासतं?" मी म्हटलं, वरचे साहेब. "ते इकडे कधी येतात?" आता तिला, अगं, ते माझे पाठचे भाऊ आहेत, लहानपणी माझ्या पाठीवर बसून गल्लीभर फिरायचे, असं थोडंच सांगणार होते?

बेरीज झाली ती 'क' श्रेणी. काठावरची, पण 'क'. माझ्या साहेबांनी, तुझ्या हाताखालच्या, मला बोलावून घेतलं. 'क' आली तर शाळा चालू ठेवून सुधारावी लागते, 'ड' आली तर दुसऱ्या शाळेत विलीन करता येते, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या टेबलावर विलीनीकरणाच्या आदेशाचा मसुदा आधीच पडलेला असेल हे माहीत नव्हतं. त्यावरची तारीख आमच्या तपासणीच्या आठ दिवस आधीची. "मग आम्हाला कशाला पाठवलंत?" मी विचारलं. "नियमात आहे म्हणून," ते म्हणाले, अगदी सहज, जसं कुणी सांगतं की पाऊस आला म्हणून छत्री घेतली. मग म्हणाले, जोडलेली चार पानं काढा, वेळेचे गुण कापा, 'ड' आपोआप होईल. मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी तुझा फोन आला. "ताई, एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

एक अक्षर. दुसरी शाळा चार किलोमीटरवर आहे, मोठ्या रस्त्यापलीकडे. मुलगे जातील. जायलाच हवेत, जाऊ देत. मुलींचं काय होतं ते मी तुला आकड्यांत सांगणार नाही. आपली गल्लीच्या टोकाची शाळा बंद झाली तेव्हा तू पाचवी पास झाला होतास आणि मी आठवी. नवी शाळा बाजारापलीकडे. बाबांनी तुला सायकल आणली. मला आईने शिलाई मशीनशेजारचा पाट दिला आणि काजं करायला शिकवलं. तीन वर्षं मी काजं केली. तू नववीत गेलास तेव्हा तुझीच पुस्तकं तू शाळेतून आलास की मी घ्यायचे, आणि दहावीला आपण दोघं एकाच वर्षी बसलो. लोक विचारायचे, ताई एवढी मागे कशी? आणि तू सगळ्यांना सांगायचास, ताई आजारी होती. आईने तुला तसंच सांगितलं होतं. तुझा दोष नाही. तुझ्या लग्नात तू तुझ्या सासऱ्यांनाही तेच सांगितलंस, मी ऐकलं आणि हसून पान पुढे केलं. धाकट्या, मी आजारी नव्हते. एक दिवसही नव्हते. माझं कपाळ कधी गरमसुद्धा झालं नव्हतं. कुणीतरी एका कागदावर एक अक्षर लिहिलं होतं, इतकंच. चाळीस वर्षं मी हे बोलले नाही, कारण तुला सायकल चालवताना बघून मला खरंच आनंद व्हायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला मी काय करू?

तर मी पुढे काय केलं ते ऐक. नियमात आहे म्हणून पाठवलं ना मला? मग मीही नियम काढला. अहवाल अंतिम होण्याआधी पालकसभेत वाचून दाखवावा, असं कलम आहे. गेल्या वीस वर्षांत कुणी वापरलेलं नाही. मी रविवारी शाळेत गेले आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. टँकरचं आलं तेव्हा कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. भागाकाराचं आलं तेव्हा मात्र सभा उसळली. भंगार निवडणारी एक बाई उठली आणि माझ्यावरच कडाडली, "आमची पोरं दोन वर्षं गणिताशिवाय बसली, आणि तुम्ही आज सांगताय?" पेपर वाचणाऱ्या सरांना तर पळता भुई थोडी झाली. मग तिनेच विचारलं, शाळा बंद केली तर गणिताचे सर मिळणार का? मी म्हटलं, नाही. "मग बंद करून काय मिळणार?" दीडशे लोकांनी अहवालाखाली सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि तो मी सोमवारी 'क' श्रेणीसह नोंदवून पोच घेतली. मंगळवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. राहिली काय आणि गेली काय. उत्तर दोन ओळींचं दिलंय: जे पाहिलं ते लिहिलं, श्रेणी बदलणार नाही.

यातलं तुला बरंचसं आधीच कळलं असेल. पत्र त्यासाठी नाही. काल माझ्या भावजयीचा फोन आला होता, गुडघ्याची चौकशी करायला. बोलता बोलता बिचारी सांगून गेली की येत्या सोमवारी तू रजा टाकली आहेस, डोळे दाखवायला जाणार आहेस. सोमवारी या शाळेची सुनावणी आहे आणि अध्यक्ष तू आहेस. तू नसलास की खुर्चीत दुसरा बसेल, सही तो करेल, आणि पुढे आयुष्यभर तुला म्हणता येईल की तेव्हा मी नव्हतो. हे मी होऊ देणार नाही. रजा मागे घे. माझी बाजू घे असं म्हणत नाही, मला वाचव असं तर मुळीच नाही. शाळा बंद करायची असेल तर तो अधिकार तुझा आहे; पण समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघून, स्वतःच्या हाताने कर. मी दहाला पोचेन. माझ्याबरोबर वस्तीतल्या चाळीस-पन्नास जणी येतील, आणि ती वेणीवाली पोरगीही येणार आहे, तिला वरचे साहेब बघायचे आहेत. तुझ्या दालनाबाहेर एकच बाक आहे. खुर्च्या सांगून ठेव.

तुझीच, कधीही आजारी न पडलेली
ताई