सात कोरे रकाने

रविवार, १४ जून
दुपार

ती. दादास,
बारकीचा नमस्कार.

तू मावशीकडे जाऊन आज अठरा दिवस झाले. मावशीचे गुडघे कसे आहेत? वहिनी परवा येऊन गेली. तुझे दोन शर्ट नेले आणि जाताना म्हणाली, "तू अशी वाळलीस का गं?" मी कामावर ढकललं. फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर उचलत नाहीस म्हणूनच मी तो दिवसातून चार वेळा लावते. उचललास तर काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र.

इकडची बातमी म्हणजे मी हल्ली जिन्याने जाते. ऑफिस सातव्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतली बाई धापा टाकत जिना चढते म्हणून शिपाई हसतो. "ताई, आपल्याच मालावर भरवसा नाही का?" मीही हसते. चौथ्या मजल्यावर मात्र थांबावं लागतं. दम लागतो, असं त्याला सांगते.

माझं काम काय असतं हे तू कधी धड विचारलं नाहीस. "आमची बारकी दिवसभर रकाने पुसते" असं तू जगभर सांगत फिरतोस, आणि ते फारसं चूकही नाही. अकराशे इमारतींतल्या लिफ्टच्या वीस वर्षांच्या नोंदी, तुम्ही मेकॅनिक लोकांनी भरलेल्या. एकच इमारत तीन नावांनी, तारखा उलट्यासुलट्या. वरच्यांना एआय आणायचं होतं, म्हणजे कुठली लिफ्ट कधी तपासायची ते मशीन ठरवणार. त्याआधी डेटा स्वच्छ हवा. शंभरात पंच्याण्णव गुण पडल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असं ठरलेलं. आम्ही अडकलो होतो एक्याऐंशीवर. साहेब रोज सकाळी टेबलाशी येऊन उभे. "किती झाले?"

गुण खात होते ते कोरे रकाने. आणि रकाने कोरे सोडण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली मिळाली नाही की बाकीचे बिनदिक्कत ठोकून देतात, 'ब्रेक ठीक'. तू मोकळा सोडायचास. "डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही." ऑफिसात आम्ही तुझ्या या सोवळेपणावर हसायचो. मीसुद्धा.

मग मी एक नियम लिहिला. कोऱ्या रकान्याच्या आधी शेवटची नोंद 'ठीक' असेल, तर पुढचे कोरे रकानेही 'ठीक' धरायचे. एका दुपारात चाळीस हजार रकाने भरले. गुण शहाण्णव! साहेबांनी केक मागवला, मोठ्या मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. आमच्यात एक वयस्क बाई आहेत, आम्ही त्यांना हेडमास्तरीण म्हणतो. त्या तेवढ्या म्हणाल्या, "अगं, माणसाने लिहिलेलं आणि आपण भरलेलं वेगळं दिसू दे. शेजारी खूण ठेव." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. केक खाताना कुणाला खुणा सुचतात?

आता त्या अपघाताच्या चौकशीच्या दिवसाचं लिहिते. समितीने तुला कागद दाखवला तेव्हा मी कोपऱ्यात प्रोजेक्टरपाशी बसले होते. त्या लिफ्टचे सात महिने, सात ओळी, प्रत्येकीत 'ब्रेक: ठीक' आणि खाली तुझं नाव. याच ओळी वाचून मशीनने ती लिफ्ट चांगली धरली आणि तपासणी सहा महिने लांबवली. तू सातही ओळी वाचल्यास. मग म्हणालास, "मला आठवत नाही. पण माझ्या नावावर आहे, म्हणजे मीच लिहिलं असेल."

मी प्रोजेक्टर बंद केला आणि वायर गुंडाळून ठेवली.

वहिनी सांगत होती, तू हल्ली कुलूप लावून चार-चारदा मागे फिरतोस. गॅस बंद आहे ना, हे दुसऱ्याला बघायला लावतोस. "यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडालाय," म्हणाली आणि रडली. मी तिला पाणी दिलं.

तू लिहिलं नव्हतंस, दादा. ते सात रकाने तू कोरे सोडले होतेस. 'ठीक' मी भरलं. सात महिने कोरा रकाना बघून ऑफिसातून कुणीतरी किल्लीसाठी फोन करायला हवा होता. ते कुणीतरी म्हणजे मीच होते.

एवढं लिहून उठले, तोंडावर पाणी मारून आले. अजून बाकी आहे.

त्याच इमारतीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी अपघाताआधीच्या पंधरा दिवसांत तीनदा फोन केला होता. तिन्ही तक्रारी सारख्याच, म्हणून माझ्याच दुसऱ्या एका नियमाने दोन पुसल्या. उरली एक, ती मशीनने किरकोळ धरली. त्या अपघातात गेल्यावर मी तिन्ही रेकॉर्डिंग काढून ऐकली. ऐकायचा अधिकार मला होता, ऐकायला नको होती. "पुन्हा मीच बोलतेय हं. लिफ्ट थांबली तरी खाली सरकते. मी कपड्यांचे गठ्ठे घेऊन चढते ना, भीती वाटते." तिसऱ्या वेळी तर सारखा त्रास देते म्हणून माफी मागतात. नळ सोडला, मिक्सर लावला, तरी तो आवाज थांबत नाही. काल दुकानात मागून कुणी बाई "पुन्हा मीच" म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी पडली. वळून बघायचं धाडस झालं नाही.

नियम चालवण्याआधीच्या मूळ नोंदी नव्वद दिवस राहतात, मग आपोआप पुसल्या जातात. ती मुदत येत्या बुधवारी संपणार होती. पुसणं थांबवायचा अधिकार फक्त माझ्या लॉगिनला. साहेब म्हणाले, "आपण काहीच करायचं नाही. नियमाप्रमाणे जाईल ते जाईल. कुणी खोटं बोललंय का?" खरंच, कुणीच बोललं नव्हतं. नुसतं तोंडाला कुलूप घालून बसायचं होतं, आणि तेवढं मला छान जमलं. नोकरीची भीती होती, तुरुंगाचीही. सगळ्यांत जास्त भीती तुझ्या तोंडाकडे बघायची होती.

शुक्रवारी मी पुसणं थांबवलं. मूळ नोंदींची प्रत चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली, सोबत माझ्या सहीचं निवेदन. हेडमास्तरीण साक्षीला उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या आत माझा पासवर्ड बंद झाला.

मंगळवारी तुला पुन्हा बोलावतील आणि मूळ कागद समोर ठेवतील. मी तुला चांगली ओळखते. लहानपणी काच मी फोडायची आणि छड्या तू खायच्या, हे आपलं ठरलेलं. तिथेही म्हणशील, पोरीला कशाला, चूक माझीच असेल. नको म्हणूस. या वेळी मला पाठीशी घातलंस तर त्या बाईंचा उरलेला एक फोनही आपण पुसला असं होईल. पाहिलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही, एवढंच सांग.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन मोकळा होशील, आणि मला ती इतक्यात नको आहे.

तुझ्या नावाखाली सात वेळा 'ठीक' लिहिणारी,
तुझीच
बारकी