खिशातला गूळ

बाबा, आज कंपनीत रक्ताचे रिपोर्ट आले. माझ्या रक्तात शिसं फार निघालंय. डॉक्टरीणबाईंनी मला शिशाच्या भट्टीवरून हलवायला सांगितलं आणि मग विचारलं, "घरी लहान मूल आहे?" म्हटलं, मुलगी आहे, चार वर्षांची. "सोमवारी तिला घेऊन या, आईलाही. तिचं रक्त बघायला हवं. इथलं काही घरी नेता का?" मी पटकन म्हटलं, "काही नाही." तेव्हा माझ्या खिशात गुळाचा खडा होता.

तुला वेगळं सांगायला नको. पाळी सुटताना अजूनही गूळ देतात. तुझा मुकादम म्हणायचा, गूळ खा, शिसं उतरतं. तू तो कधीच खाल्ला नाहीस. लहानपणचं अजून डोळ्यांपुढं आहे: तू तलासरीच्या कंपनीतून टमटमनं गंजाडच्या घरी येतोस, मी उंबऱ्यावर वाट बघत बसलेला. तू खिशातून खडा काढतोस, त्यावरची राखाडी धूळ फुंकतोस आणि माझ्या तोंडात घालतोस. एकदा आई म्हणाली, "आधी हात तरी धुवा." तू भडकलास, "दिवसभर भट्टीपुढं जळतो, पोराला गूळ देतो तर तोही नको?" आईनं पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे तुझी मनगटं लुळी पडली, चहाचा कप हातात राहीना. दवाखान्यातून पोटदुखीच्या गोळ्या मिळाल्या. शेवटपर्यंत तुझं रक्त कोणी तपासलं नाही.

मीही पोरीला खडा धूळ फुंकूनच देतो, बाबा. बायको म्हणते, "कपडे बदला, मग घ्या तिला." मी हसण्यावारी नेतो. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गुळानं काही उतरत नाही, उलट हाताकपड्यांची धूळच तोंडावाटे पोटात जाते. पोरगी महिनाभर पोट दुखतं म्हणतेय आणि मी त्याला नखरे समजत होतो.

खडा वाटेत नाल्यात टाकला. ती दारातच होती. "आज नाय आनला?" म्हणाली. म्हटलं, संपला. तिला उचलून घेतलं नाही, म्हणून रडली.

तुझ्यावर रागवायला हा कागद घेतला होता, पण ते काही जमलं नाही. तुला माहीत नव्हतं, आणि मी आजपर्यंत कोणाला विचारलं नाही. सोमवारी बाईंना खरं सांगायला हवं. शेजारी तिची आई बसलेली असेल. रिपोर्टच्या आकड्याला मी घाबरतोच, पण खरं सांगतो, गुळाचं ऐकून ती माझ्याकडे बघेल, त्याला जास्त घाबरतोय.