रक्ताच्या नात्यातलं कुणी

दादा,

आई गेल्यावर आपलं बोलणं तुटलं, त्याला सहा वर्षं झाली. चूक कुणाची, ते आज नको.

गेल्या महिन्यात माझा पाय टम्म सुजला. मला वाटलं, दिवसभर शिलाई मशीन चालवून असेल. तपासणीत निघालं की माझ्या रक्तात आपोआप गुठळ्या होतात. आजार दुर्मिळ आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. त्यांच्यामुळे आता सुई टोचली तरी रक्त लवकर थांबत नाही. काल गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग पडला, आणि तो धुता धुता मी एकटीच रडत बसले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "भावंडं आहेत का? त्यांनाही हा आजार असू शकतो."

मी म्हटलं, "कुणी नाही."

त्यांनी तसं लिहूनही घेतलं. घरी आले, पण घास उतरेना. आज परत गेले आणि म्हटलं, "बाई, मी खोटं बोलले. एक भाऊ आहे."

त्या रागावल्या नाहीत. तुझ्यासाठी तपासणीची चिठ्ठी दिली.

हे पत्र काही मी पाठवणार नाही, यात रडगाणंच जास्त आहे. पाकिटात फक्त ती चिठ्ठी घालतेय. खाली 'तपासून घे' एवढंच लिहिलंय. पाकिटामागे माझा पत्ता मात्र मोठ्या अक्षरात घातलाय.

तुझी,
धाकटी