अपहिल टास्क

सत्यम,

'अपहिल टास्क' म्हणजे चढावर चालण्यासारखं, दमवणारं पण नेटानं पार पडणारं काम. काल पप्पा ऐटीत सांगत होते, "कंपनीचे साहेब बोलले, कचरू, टाकीची सफाई लई अपहिल टास्क हाय, तुझ्याशिवाय नाय व्हायची."

टाकीत उतरण्याआधी पप्पा आत पेटता दिवा सोडून बघतात, हे आईकडून आत्ता कळलं. सांडपाण्याचा विषारी वायू असला तरी दिवा जळत राहू शकतो. वासही थोड्या वेळानं कळेनासा होतो.

आज दुपारी दोनला उतरणार आहेत. त्यांचा फोन लागत नाही, म्हणून स्कूटीवर वाळूजला कंपनीत निघालेय. त्यांचा फोन आलाच तर सांग, मी पोचेपर्यंत उतरू नका.

तुझ्या वहीत 'वाक्यात उपयोग'ची ओळ कोरी ठेवलीय. परतल्यावर लिहीन.

ताई