मुकादमाची साखर

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्रास कारण की, फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते आणि मांजराची हकीकत तशीच राहते. लेकीच्या बाळंतपणाला गेली आहेस, तर तिथे लक्ष दे. तरी मांजर तुझं, तेव्हा कळवणं माझं काम.

तुझ्या मुकादमाचं इंजेक्शन सुटून साडेचार महिने झाले. मी ह्यांना रोज ऐकवते की मांजराचा मधुमेह आटोक्यात आला, तुमचा सहा वर्षांत येत नाही. ह्यांच्यावर परिणाम शून्य. आणि आता मांजरानेच माझं नाक कापायचं ठरवलेलं दिसतं.

तू सांगून गेलीस म्हणून मी एक दिवसाआड सकाळी त्याची लघवी तपासते. तो ट्रेमध्ये बसला की मागून लांब दांड्याची पळी धरायची, पळीतलं मापाच्या छोट्या पेल्यात ओतायचं आणि पट्टी बुडवायची. पट्टी पिवळी राहायला हवी. गेले तीन आठवडे ती हिरवी होते आहे, म्हणजे लघवीत साखर. मांजर मात्र ठणठणीत. पाणी पूर्वीइतकंच पितो, वजन दोनशे ग्रॅमनी वाढलं, काल फ्रिजवर चढून माझ्या स्वयंपाकावर देखरेख केली. कानातून थेंब काढून ह्यांच्या यंत्रावर रक्त तपासलं, तर साखर शंभराच्या आत. नवीन लक्षण एकच: रोज सकाळी बेसिनवर बसून आरशाच्या कपाटाकडे टक लावून बघतो. तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

दवाखान्यात मात्र साखर दोनशे नव्वद निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाबरल्यावरही मांजरांची साखर चढते, आणि माणसांचं यंत्र त्यांची साखर जरा कमीच दाखवतं, तेव्हा खरा प्रश्न पट्टीचा आहे. मग अतिशय गोड आवाजात विचारलं की नमुना स्वच्छ भांड्यात घेता ना. हे मला. बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली मी, औषधाच्या बाटलीतून नमुना आणणाऱ्यांना दारातून परत पाठवलं. मी त्यांना सांगितलं की काम झालं की पेला उकळत्या पाण्याने धुते आणि कपाटात पालथा घालते. धुतलेलं भांडं पुन्हा धुणाऱ्यांचा स्वतःवर विश्वास नसतो.

मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी बाहेरगावी पाठवली आहे. निकाल पंधरवड्याने येणार. तोवर पट्टी हिरवीच राहिली तर सतरा तारखेपासून इंजेक्शन पुन्हा सुरू. गरज असताना दिलं नाही तर मांजर खंगतं. गरज नसताना दिलं तर साखर एकदम उतरते, झटके येतात आणि मांजर हातचं जातं. दोन्ही मी जाणते, म्हणून जेवण गोड लागत नाही.

बाकी ठीक. जानेवारीअखेर हे चार दिवस भावाकडे राहून आले. घर शांत होतं, पट्टीही दोनदा पिवळी आली. शांतता मांजरांना मानवते असं दिसतं.

तुझा सगळा लोभ मांजरावर आहे हे ठाऊक आहे. उरलासुरला असेल तो इकडे धाड.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र लेकीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की जावईबापू बॅग घेऊन दारात उभे राहिले. मला मात्र हसू येईना. हे गेल्यापासून माझ्या घरी माझी वाट बघणारं मुकादमाशिवाय कोणी नाही, हे तुला सांगायला नको.

राग येईल, पण लिहिते. भाऊजी घरात नसताना पट्टी पिवळी आणि असताना हिरवी, हे शांततेमुळे होतं असं मला वाटत नाही. ते त्याला चोरून काही खाऊ घालतात का? तू कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या शाळेत शिकलीस, तिथे आधी स्वतःचं वागणं तपासायला शिकवत असतील. मी आपली साध्या शाळेतली, मी आधी दुसऱ्यावर संशय घेते. एकदा त्यांना नीट विचार, आणि सतरा तारखेआधी कळव.

तुझ्या ओरडण्यातली माया अशीच चालू राहू दे.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

मेव्हणीबाईंस सप्रेम नमस्कार.

तुमच्या कृपेने काल तुमच्या ताईंनी दोन तास माझी जबानी घेतली. मांजराला मी काहीही खाऊ घालत नाही हे मी शपथेवर सांगितलं, आणि ते खरं आहे. पण सांगताना मला घाम फुटला, आणि तो त्यांनी पाहिला. म्हणून तुम्हाला लिहितो. छापखान्यात जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, स्वतःची कबूल करायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सहा वर्षं ह्या घरात गोड पदार्थ आलेला नाही. जानेवारीत मला खोकला झाला, तेव्हा मी मधाचं औषध आणलं. खोकला आठ दिवसांत गेला. औषध सोडवेना. बाटली आरशाच्या कपाटात दाढीच्या डब्यामागे असते. सकाळी तुमच्या ताई पळी घेऊन मांजराची वाट बघत बसतात, तेवढ्यात मी माझं उरकतो. बाटलीचं झाकण फुटलं, पण कपाटात एक छोटा पेला पालथा पडलेला असतो, तो अगदी मापाचा आहे. घेऊन झालं की बोटाने पुसून होता तसा पालथा ठेवतो. साक्षीदार एकटा मुकादम. बेसिनवर बसून बघत असतो, पण त्याने अजून तोंड उघडलेलं नाही. माझं साखरेचं यंत्रही त्याच्याच सेवेत असल्याने माझी साखर मोजायची कोणाला आठवण होत नाही.

हे आपल्या दोघांतच राहावं. भाऊजींवरची कृपादृष्टी काढून घेऊ नये.

तुमचा,
भाऊजी


१४ फेब्रुवारी, कुरिअरने

ती. ताईस सा. न.

घाईत लिहिते. फोन केला तर भाऊजींनीच उचलला, म्हणून मी तसाच ठेवून दिला. ताई, पेला धू. नमुना घ्यायच्या आधी, लगेच आधी, स्वतःच्या हाताने. का ते विचारू नकोस, एका माणसाने विश्वासाने सांगितलं आहे. तोवर इंजेक्शन देऊ नकोस, तुला माझी शपथ.

काल पहाटे लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सविस्तर मागाहून.

धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि नवीन बाईंस त्याहून जास्त. आजी झालीस. आता तरी पत्राची सुरुवात मांजराने करू नकोस.

तुझं कुरिअर सोळाला सकाळी आलं. दहा मिनिटं मी नुसती संतापून बसले होते. मग पेला धुण्याऐवजी लॅबमध्ये जे करतात ते केलं. त्यात नळाचं पाणी घातलं आणि पट्टी बुडवली. गडद हिरवी. नळाला मधुमेह झाला होता. वास घेतला, तर मध. मधात ग्लुकोज असतं म्हणून पट्टी बोलली. साधी साखर असती तर ती गप्प बसली असती. मग पेला धुतला, पळी धरली, पट्टी पिवळी. सतराला इंजेक्शन दिलं नाही. अठराला सरासरीचा निकाल आला: पूर्णपणे नॉर्मल. मुकादम बरा आहे, आधीही बरा होताच. डॉक्टरीणबाईंची मी माफी मागितली. ज्या दारातून मी लोकांना परत पाठवलं, जणू त्याच दारात बत्तीस वर्षांनी नमुना घेऊन मीच उभी होते.

तू कोणाचं नाव लिहिलं नाहीस, पण ह्या घरात मांजर सोडलं तर एकच माणूस आहे. सतराच्या सकाळी तपासणीचा दिवस नसतानाही मी पळी घेऊन बसले, मग ती खाली ठेवली आणि न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिले. हे पेला तोंडाला लावून, आणि मुकादम बेसिनवरून हजेरी घेत असल्यासारखा बघतोय. यंत्र आणलं, ह्यांचं बोट धरलं. तीनशे अकरा. मी ओरडले नाही ह्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मग हे स्टुलावर बसून म्हणाले, "मांजराला तू रोज विचारतेस, आज कसं वाटतंय रे. मला सहा वर्षांत फक्त आकडा विचारलास."

मी पुसलेलं यंत्र पुन्हा पुसत बसले. हे तुलाच सांगते, पुढे जाऊ देऊ नकोस.

बाटली फेकली. काल ह्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या बदलल्या. आता सकाळी दोघांची रांग लागते, आधी मांजराचा कान, मग ह्यांचं बोट. कसं वाटतंय तेही दोघांना विचारते. मुकादम उत्तर देत नाही. हे फार सविस्तर देतात, रोज वीस मिनिटं जातात, आणि मी ऐकून घेते.

तो पेला कशाचा, हे मात्र ह्यांनी अजून विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. ह्यांची साखर महिन्याभरात खाली आली तर कधीच सांगणार नाही. नाही आली तर जेवायला बसल्यावर सांगेन.

बाळीला माझा पापा. तुझ्यावरचा राग उतरला आहे, तो पुन्हा चढेपर्यंत लोभ आहेच.

तुझी,
ताई