टोपी फक्त फोनला

प्रिय ठमे,

कागद बघून घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण घाबरायलाच हवं. फोनवर आता माझा विश्वास नाही आणि अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, म्हणून मावशीला पाठवलंय.

नवऱ्याचं घर सोडून तू लांब गेलीस, तेव्हा माझ्या फोनवर ते व्हीपीएन, फोनवरचं सगळं झाकणारं ॲप, बसवून दिलंस आणि बजावलंस, आई, आधी टोपी घालायची, मगच मला फोन करायचा. बाबा म्हणाले होते, जावयाने घातली तेवढी टोपी पुरे. किती हसलो होतो आपण. मी एकदाही विसरले नाही गं. टोपी घातली की मला वाटायचं, अख्खं घर झाकलं गेलं.

परवा इंटरनेट सारखं अडकत होतं म्हणून दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी तपासून विचारलं, हा राऊटर लावला कुणी? दुसरं कोण, त्यानेच ना, नवा जावई असताना मोठ्या हौसेने. पासवर्डही त्याचाच, आपण कधी बदलला नाही. बाई म्हणाल्या, त्यात काहीतरी घुसवलंय, घरातून काय जातं-येतं ते बाहेर कळतं. मी टोपीचं सांगितलं, तर म्हणाल्या, ती तुमच्या फोनपुरती. फोनवरचं झाकते, पण राऊटरमध्ये शिरलेल्याला हाकलत नाही. घरातलं बाकी सगळं उघडंच.

बाकी म्हणजे बाबांचा जुना टॅब. तुला थंडी सोसत नाही, म्हणून रोज चहा पिताना ते तुझ्या गावाचं हवामान बघायचे. पाऊस दिसला की माझ्यावर चिडायचे, जसा काही मीच पाडला. त्यांना काय बोलू? टॅब मांडीवर घेऊन नुसते बसलेत, जेवत नाहीत.

राऊटर काढून फेकला, पण उशीर झाला. काल तो दारात आला होता. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, अगदी शांत. जाताना बाबांना म्हणाला, तिकडे फार पाऊस आहे म्हणे, तिच्याकडे छत्री आहे ना?

ठमे, वाचून झालं की लगेच बॅग भर आणि मावशीबरोबर नीघ. ती उतरेल तिथे उतरू नकोस, पुढे जा. आणि नवीन गावाचं नाव आम्हाला सांगू नकोस. बाबा रडले, मी पाया पडले, तरी सांगू नकोस.

तुझीच,
आई